पहिली प्रोग्रामिंग भाषा निवडताना: क्रमवाऱ्या कशा वाचायच्या, भाषा कशी जोखायची

‘पायथन घेऊ की जावा?’ बारावी झालेली मुलं, बी.एस्सी.ला शिकणारी मुलं, बँकेतली किंवा कारखान्यातली नोकरी सांभाळून आयटीत यायला निघालेली माणसं, सगळ्यांची सुरुवात याच प्रश्नाने होते. मग यूट्यूबवर ‘टॉप टेन’ची यादी सापडते. कॉलेजातला सीनिअर सांगतो, सी आल्याशिवाय काही खरं नाही. क्लासवाले ज्या भाषेची बॅच पुढच्या सोमवारी सुरू होतेय तीच भाषा कशी चालते हे पटवून देतात. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं तथ्य असतं, पण ते तुमच्यासाठी सांगितलेलं नसतं.

हे उत्तर स्वतः शोधता येतं. दोन-तीन आठवडे रोज तासभर द्यावा लागतो, पैसे लागत नाहीत. खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. पहिली पायरी गाळून थेट क्रमवाऱ्या बघायला गेलात तर हाती फक्त आकडे लागतील.

पायरी १: आधी काम ठरवा

वर्षभराने आपण काय बनवत असू, हे एका वाक्यात कागदावर लिहा. ‘सॉफ्टवेअर’ असं मोघम नको. ‘दुकानांसाठी बिलिंगचं अ‍ॅप’, ‘वेबसाइटचा समोर दिसणारा भाग’, ‘पिकांच्या भावांचं विश्लेषण’, असं काहीतरी नेमकं हवं.

या एका वाक्याने अर्धी यादी गळून पडते. ब्राउझरमध्ये चालणारं काही करायचं तर जावास्क्रिप्टला पर्याय जवळपास नाही, आणि मोठ्या संघांत आता तिच्यावर बेतलेली टाइपस्क्रिप्ट वापरतात. अँड्रॉइडसाठी कोटलिन: गूगलने २०१७ मध्ये तिला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून पहिली पसंतीही. आयफोनसाठी स्विफ्ट. डेटा आणि मशीन लर्निंगसाठी पायथन. बँका, विमा कंपन्या यांच्या मोठ्या प्रणालींसाठी जावा आणि सी शार्प. क्लाउडची साधनं घडवायची तर गो. डॉकर आणि कुबरनेटिस ही अशी दोन गाजलेली साधनं तिच्यातच लिहिलेली आहेत. पुणे-चाकण पट्ट्यातल्या वाहन उद्योगाचं सॉफ्टवेअर करायचं असेल, तर गाडीतल्या छोट्या कंट्रोलरवर आजही सी चालते, आणि तीही मिस्रा नावाच्या कडक नियमावलीत बसवून.

एसक्यूएलचं, म्हणजे डेटाबेसमधून माहिती मागवायच्या भाषेचं, नाव मी मुद्दाम वेगळं घेतो. वरच्यापैकी कुठलंही काम निवडा, डेटाबेसशी गाठ पडणारच. सत्तरच्या दशकात आयबीएममध्ये जन्मलेली ही भाषा ‘पहिली भाषा’ म्हणून कुणी सुचवत नाही, पण कुठल्याही निवडीच्या जोडीला ती शिकायचीच आहे असं धरून चला.

पायरी २: क्रमवारी बघताना आधी विचारा, मोजलंय काय?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू. ‘लोकप्रिय’ म्हणजे नेमकं काय? शोधली जाते ती? लिहिली जाते ती? आवडते ती? की जिच्यासाठी पगार मिळतो ती? प्रत्येक क्रमवारी यातल्या एकाच प्रश्नाचं उत्तर देते, आणि आपण मात्र तिच्यात सगळ्याच प्रश्नांची उत्तरं शोधतो.

टिओबे ही नेदरलँड्समधली कंपनी २००१ पासून दर महिन्याला यादी काढते. भाषेचं नाव आणि त्यापुढे ‘प्रोग्रामिंग’ हा शब्द घेऊन सर्च इंजिनांवर किती पानं सापडतात, हा तिचा मुख्य आधार. म्हणजे त्या भाषेबद्दल इंटरनेटवर किती लिहिलेलं आहे हे कळतं. आज किती लोक ती वापरतात हे थेट कळत नाही. जुन्या भाषांची जुनी पानं तशीच पडून असतात. सर्च इंजिनाने मोजण्याची पद्धत बदलली की क्रमांकही हलतात. याच यादीत सी २०१६-१७ च्या सुमारास बरीच घसरली आणि मे २०२० मध्ये जावाला मागे टाकून पुन्हा पहिली आली. जगातलं सीमधलं काम त्या काळात असं खालीवर झालेलं नव्हतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथन तिथे पहिल्यांदाच अव्वल ठरली; तो कल मात्र इतर याद्यांतही दिसत होता, म्हणून विश्वासार्ह. माझा नियम असा: एकाच यादीत दिसणाऱ्या उसळीकडे दुर्लक्ष करायचं, दोन-तीन वेगळ्या पद्धतींच्या याद्यांत तीच दिशा दिसली तर दखल घ्यायची.

पीवायपीएल ही यादी गूगलवर त्या भाषेचं ट्युटोरियल किती जण शोधतात ते बघते. शिकणारे कुठे वळताहेत हे त्यातून समजतं. नवख्यांसाठी ही माहिती कामाची आहे, पण तिची दुसरी बाजूही ध्यानात घ्या: जिकडे शिकणाऱ्यांची झुंबड, तिकडे पहिल्या नोकरीसाठी चुरसही जास्त.

रेडमंकची क्रमवारी वर्षातून दोनदा येते. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचं काम आणि स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचे प्रश्न यांची ती सांगड घालते. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यावर स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रश्न विचारणं झपाट्याने कमी झालं. त्यामुळे या आधाराचा एक पाय आता पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही.

गिटहबचा ऑक्टोव्हर्स हा वार्षिक अहवाल मला त्यातल्या त्यात जमिनीला धरून वाटतो, कारण तिथे लोकांनी प्रत्यक्ष केलेलं काम मोजलं जातं. २०२४ मध्ये तिथे पायथनने जावास्क्रिप्टला मागे टाकलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये टाइपस्क्रिप्ट दोघींच्या पुढे गेली. पण बँकांच्या, वाहन कंपन्यांच्या आत कुलूपबंद असलेला कोड तिथे दिसत नाही. कोबोल ही जुनी भाषा अशा याद्यांत तळाला असते. तरी एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना जाहीरपणे कोबोल जाणणाऱ्यांची मदत मागावी लागली होती, कारण कोविडमध्ये बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला आणि राज्याच्या प्रणाली मेनफ्रेम नावाच्या जुन्या, मोठ्या संगणकांवर चालत होत्या.

शेवटची स्टॅक ओव्हरफ्लोची वार्षिक पाहणी. २०२४ मध्ये ६५ हजारांहून जास्त लोकांनी ती भरली. त्यात रस्ट ही भाषा वापरलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना पुढेही तीच वापरायची होती. हा आकडा बातम्यांत ‘सर्वात लाडकी भाषा’ म्हणून झळकतो. त्याच पाहणीत रस्ट वापरणारे मात्र साधारण १३ टक्के होते. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला वापरणाऱ्यांच्या समाधानाबद्दल बोलतो, दुसरा वापराबद्दल. रस्ट बहुतेक जण स्वतःहून, आवडीने उचलतात. जावा अनेकांच्या वाट्याला नोकरीमुळे येते. त्या दोघांच्या समाधानाची तुलना जपूनच करायला हवी.

एका वहीत चार रकाने करा: इंटरनेटवरची पानं (टिओबे), शिकणारे (पीवायपीएल), प्रत्यक्ष कोड (गिटहब, जोडीला रेडमंक), पाहणी (स्टॅक ओव्हरफ्लो). पहिल्या पायरीतून उरलेल्या दोन-तीन भाषांचाच क्रमांक प्रत्येक रकान्यात लिहा. पहिल्या पाचात आहे की पंधरात, एवढं कळलं तरी पुरे. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकातल्या फरकावर वेळ घालवू नका.

पायरी ३: आपल्या शहरातल्या जाहिराती स्वतः मोजा

जागतिक यादीतून हिंजवडीत, नाशकात किंवा पणजीत काय चाललंय ते कळत नाही. नोकऱ्यांच्या एखाद्या मोठ्या साइटवर जा, शहर निवडा, अनुभव शून्य ते दोन वर्षं ठेवा आणि एकेक भाषा शोधा.

इथे काही खाचखळगे आहेत. ‘जावा’ शोधलं की जावास्क्रिप्टच्या जाहिरातीही त्यात येतात, आणि नावाचा एक तुकडा सोडला तर या दोन भाषांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. ‘गो’ हा इंग्रजीतला रोजचा शब्द, त्यामुळे ‘गोलँग’ असं शोधा. ‘सी’ हे एकच अक्षर. त्यासोबत ‘एम्बेडेड’ जोडल्याशिवाय निकालांना अर्थ नाही. म्हणून साइटने दाखवलेल्या एकूण आकड्यावर विसंबू नका. पहिल्या वीस जाहिराती उघडा आणि वाचा.

वाचताना भाषेच्या आजूबाजूचे शब्द, म्हणजे तिच्यासोबत लागणाऱ्या फ्रेमवर्कची आणि साधनांची नावं, टिपा. जावासोबत स्प्रिंग बूट, सी शार्पसोबत डॉटनेट, पायथनसोबत जँगो किंवा फास्टएपीआय, टाइपस्क्रिप्टसोबत रिअ‍ॅक्ट, आणि जवळपास सगळीकडे एसक्यूएल व गिट. नोकरी नुसत्या भाषेवर मिळत नाही, या जोडीवर मिळते. फ्रेशर म्हणून घेणाऱ्या किती आणि तीन वर्षांचा अनुभव मागणाऱ्या किती, हेही वेगळं लिहा. काही भाषांच्या जागा भरपूर दिसतात, पण नवख्याला दार उघडणाऱ्या त्यातल्या थोड्याच असतात. गो आणि रस्टच्या बाबतीत हे जास्त जाणवेल.

कॅम्पसमधून जाणार असाल तर एक सवलत आहे. बहुतेक कोडिंग परीक्षांत सी, सी प्लस प्लस, जावा आणि पायथन यांतली कोणतीही वापरता येते. कॉलेजने सी शिकवली असेल तर ती वाया जाणार नाही. मेमरी म्हणजे काय, पॉइंटर म्हणजे काय हे तिच्याइतकं उघडं करून दुसरी भाषा क्वचितच दाखवते. फक्त लॅबमध्ये अजून नव्वदच्या दशकातला निळ्या पडद्याचा टर्बो सी प्लस प्लस असेल, तर घरी जीसीसी किंवा क्लँग हा आधुनिक कंपायलर (लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल अशा रूपात आणणारा प्रोग्राम) टाकून घ्या. त्या जुन्या कंपायलरमधल्या सवयी आज कुठेच चालत नाहीत.

पायरी ४: बलस्थानांचे दावे तपासून घ्या

‘सी वेगवान, पायथन संथ.’ वाक्य बरोबर आहे, पण अर्धंच. लाखो वेळा फिरणारा लूप शुद्ध पायथनमध्ये लिहिला तर तो सीपेक्षा दहापट ते शंभरपट हळू चालू शकतो. पण पायथनमध्ये आकडेमोड करणारे लोक नमपाय ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरतात, आणि तिचं जड काम आतून सीमध्ये लिहिलेलं असतं. पायथन तिथे सूचना देण्यापुरती उरते. शिवाय तुमचा प्रोग्राम डेटाबेसच्या किंवा नेटवर्कच्या उत्तराची वाट बघण्यातच वेळ घालवत असेल, तर भाषेच्या वेगाने फरक पडणार नाही.

वेगाच्या तक्त्यांबाबत एक उदाहरण लक्षात ठेवा. २०१७ मध्ये पोर्तुगालच्या संशोधकांनी २७ भाषांची ऊर्जेच्या वापरावरून तुलना केली. तो तक्ता आजही समाजमाध्यमांवर फिरतो. सीला १ धरलं तर जावास्क्रिप्ट ४.४५ आणि टाइपस्क्रिप्ट २१.५० असं त्यात आहे. टाइपस्क्रिप्ट चालण्याआधी जावास्क्रिप्टमध्येच रूपांतरित होते. मग जवळपास पाचपट फरक आला कुठून? तुलनेसाठी घेतलेले प्रोग्राम वेगळे लिहिलेले होते, आणि त्यातल्या एकाने टाइपस्क्रिप्टची सरासरी पार बिघडवली. तक्ता बघताना विचारा: इथे भाषा मोजली गेली की तो प्रोग्राम लिहिणारा?

दुसरा दावा टाइपचा, म्हणजे आकडा की मजकूर अशा माहितीच्या प्रकाराचा. जावा, गो, रस्ट, टाइपस्क्रिप्ट यांत आकड्याच्या जागी मजकूर गेला तर प्रोग्राम चालण्याआधीच तुम्हाला अडवलं जातं. पायथन आणि साध्या जावास्क्रिप्टमध्ये ती चूक बहुतेक वेळा चालताना कळते, कधी कधी गिऱ्हाइकासमोर. शिकताना हे अडवणं त्रासदायक वाटतं. पण हजार ओळींच्या पुढे गेलात, किंवा कोड एआयच्या मदतीने लिहून घेत असाल, तर हा पहारा मोलाचा ठरतो. न वाचलेला कोड कंपायलरने तरी वाचलेला असतो.

तिसरा, सुरक्षितता. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं, की त्यांच्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी मेमरी चुकीची हाताळल्याने येतात. रस्टचा गवगवा या पार्श्वभूमीवर समजून घ्या. ती या जातीच्या बहुतेक चुका कंपाइल होतानाच पकडते, आणि म्हणूनच डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१ पासून त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, तिला जागा मिळाली. पण जावा, पायथन, गो, सी शार्प यांतही मेमरी तुमच्या हातात दिलेली नसते, त्यामुळे यातल्या बहुतेक चुका तिथे होतच नाहीत. वेबसाइट बनवणाऱ्याने केवळ या कारणासाठी रस्टकडे धाव घ्यायची गरज नाही.

पायरी ५: एकच काम दोन भाषांत करून बघा

सगळ्या पायऱ्यांत ही मला सर्वात महत्त्वाची वाटते, आणि हीच लोक गाळतात. उरलेल्या दोन भाषा घ्या आणि एकाच कामाचे दोन प्रोग्राम लिहा.

सुरुवात अगदी छोट्यापासून. १३ चं फॅक्टोरियल, म्हणजे १ ते १३ या सगळ्या संख्यांचा गुणाकार, काढा. खरं उत्तर ६२२ कोटी ७० लाख २० हजार ८००. जावामध्ये इंट हा पूर्णांकाचा साधा प्रकार वापरून लिहिलंत तर उत्तर येईल १९३ कोटी २० लाख ५३ हजार ५०४. चूक झाल्याची कुठेही सूचना नाही. ३२ बिटांच्या इंटमध्ये २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पर्यंतच मावतं. त्यापुढचं गुपचूप कापलं जातं. रस्टमध्ये तोच प्रोग्राम डीबग बिल्डमध्ये (चुका शोधायच्या रूपात) चालवला तर तो थांबून ओव्हरफ्लो (संख्या मावली नाही) झाल्याचं सांगतो. पायथन निमूटपणे बरोबर उत्तर देते, कारण तिच्यात पूर्णांकाला ठरावीक मर्यादा नाही. आता २५ चं काढा. पायथन २६ अंकी संख्या अचूक छापते. जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येत शेवटचे अंक हरवतात आणि घातांकाच्या रूपात जवळचं उत्तर मिळतं. अचूक हवं तर बिगइंट हा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार वापरावा लागतो. भाषेचा स्वभाव अशा दहा ओळींत जितका कळतो तितका कुठल्याही तक्त्यात कळत नाही.

दुसरा प्रयोग आपल्या लिपीचा. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारा. पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट सांगतील ५: म, र, काना, ठ, वेलांटी. गो आणि रस्टच्या लांबीच्या साध्या फंक्शनमधून येईल १५, कारण ती बाइट मोजतात आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. स्विफ्ट म्हणेल ३: म, रा, ठी. मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतात तीच ही तीन अक्षरं. नावाच्या रकान्यात ‘जास्तीत जास्त २० अक्षरं’ अशी मर्यादा घालणारा फॉर्म मराठी नावं मध्येच का तोडतो, हे इथे लख्ख कळतं. मराठी मजकुरावर काम करणार असाल तर हा प्रयोग चुकवू नका.

मग खरं काम. अ‍ॅगमार्कनेट या सरकारी साइटवर बाजार समित्यांचे रोजचे भाव मिळतात. लासलगावच्या कांद्याच्या भावाची वर्षभराची माहिती सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) घ्या. प्रत्येक महिन्याची सरासरी काढा, सर्वात जास्त भावाचा दिवस शोधा, निकाल दुसऱ्या फाइलमध्ये लिहा. एखादी ओळ मुद्दाम बिघडवून ठेवा, भावाच्या जागी नुसती रेघ.

हे करताना वहीत लिहायच्या गोष्टी: भाषा मशीनवर चढवून पहिला प्रोग्राम चालेपर्यंत किती वेळ गेला, बिघडलेल्या ओळीवर आलेला संदेश वाचून काय चुकलं ते समजलं का, अडलात तेव्हा अधिकृत दस्तऐवजांत उत्तर मिळालं का, आणि तयार प्रोग्राम मित्राच्या लॅपटॉपवर चालवताना काय काय लागलं. शेवटच्या मुद्द्यावर गो चकित करते: एक फाइल द्यायची, चालते. पायथनला तिथे इंटरप्रिटर (कोड वाचून चालवणारा प्रोग्राम) लागतो, लायब्रऱ्या लागतात, आवृत्त्या जुळाव्या लागतात. उलट सीएसव्ही वाचून सरासरी काढण्यात पायथनच्या पँडास या लायब्ररीशी बरोबरी करणं इतरांना जड जाईल.

पायरी ६: भाषा कोण सांभाळतं, कशी सांभाळतं

याला एक संध्याकाळ पुरे. पायथनची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि तिने जुन्या कोडशी फारकत घेतली. पायथन २ ला अधिकृत निरोप मिळायला १ जानेवारी २०२० उजाडलं. अकरा वर्षं दोन्ही शेजारी नांदल्या. म्हणून जुन्या ट्युटोरियलवर कंसाशिवाय प्रिंट दिसलं तर ते पान बंद करा. गोने २०१२ च्या पहिल्या आवृत्तीपासून जुना कोड चालत राहील असं वचन दिलंय आणि ते बऱ्यापैकी पाळलंय. जावा शिकताना १७, २१ किंवा २५ यांपैकी दीर्घ आधार असलेली आवृत्ती घ्या.

भाषा एकाच कंपनीच्या हातात असेल तर तेही लिहून ठेवा. ऑब्जेक्टिव्ह-सी आयफोनच्या लाटेवर २०११ आणि २०१२ अशी दोन्ही वर्षं टिओबेची ‘वर्षाची भाषा’ होती. २०१४ मध्ये अ‍ॅपलने स्विफ्ट आणली आणि ऑब्जेक्टिव्ह-सीचा उतार सुरू झाला.

पायरी ७: निवडा आणि दुसऱ्याचा कोड वाचा

वहीतल्या नोंदी समोर ठेवा. दोन भाषा अगदी बरोबरीत आल्या तर जिच्यासाठी ओळखीत विचारायला माणूस आहे ती घ्या. अडल्यावर शेजारी बसून दाखवणारा माणूस क्रमवारीतल्या चार क्रमांकांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. निवड झाली की किमान सहा महिने दुसऱ्या भाषेकडे वळू नका. दुसरी भाषा पुढे पहिलीपेक्षा कमी वेळात येते.

मूलभूत गोष्टी हाताखाली आल्या की त्या भाषेतला एक मोठा, खुला प्रकल्प उघडा. पायथन निवडली असेल तर मुंबईत घडलेलं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर चांगलं आहे. हिशेब, साठा, खरेदी-विक्री असे आपल्याला ओळखीचे विषय, आणि सगळा कोड गिटहबवर. सुरुवातीला एकच फाइल घ्या, विक्रीच्या बिलाची. एकूण रक्कम कुठे काढली जाते, कर कुठे लागतो, ते शोधा. मग त्या किंवा दुसऱ्या एखाद्या खुल्या प्रकल्पाच्या तक्रारींच्या यादीत ‘गुड फर्स्ट इश्यू’ असं लेबल लावलेलं काही आहे का ते बघा. नवख्यांना हाताळता येतील अशी कामं त्या लेबलखाली ठेवलेली असतात.